सीलिअॅक असलेली भाची, संकष्टीचा दिवस आणि आठ टेबलांचं हॉटेल

सीलिअॅक, म्हणजे ज्यात गव्हाचा कणही चालत नाही असा आजार, असलेल्या मुलांचे आईवडील भेटले की एक वाक्य ठरलेलं असतं, आम्ही बाहेर खाणं बंदच करून टाकलंय. मला ते पूर्ण समजतं, माझ्या बहिणीनेही तेच केलं होतं. पण माझं मत आता असं झालंय की साधं छोटं शाकाहारी मराठी हॉटेल, जिथे गल्ल्यावर मालक स्वतः बसतो आणि आचारी दहा पावलांवर असतो, तिथे या मुलांना जेवता येऊ शकतं, फक्त तिथल्या स्वयंपाकघरात उपवासाची जी शिस्त आधीपासूनच असते तिचा आधार घ्यायचा. ज्या एका जेवणामुळे हे मत झालं ते सगळं इथे लिहितेय, काय विचारलं, काय नाकारलं, मध्येच काय घडलं, सगळं.

आधी मुलीबद्दल. भाची अकरा वर्षांची, सहावीत. पोटाची तक्रार अशी तिला फार नव्हतीच, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही, फक्त उंची अडलेली आणि हिमोग्लोबिन कायम कमी. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, अळिवाचे लाडू झाले, आकडा काही हलेना. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली, ती खूप जास्त आली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासले आणि निदान पक्कं झालं. आतड्याच्या आत मखमलीसारखी जी बारीक झालर असते, जिच्यातून अन्नातलं सत्त्व रक्तात जातं, ती सपाट झाली होती, मग लोह शोषलं जाणार कुठून. लोक याला गव्हाची अॅलर्जी म्हणतात पण ही अॅलर्जी नाहीये, शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेन पाहून स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय (rye, मोहरी नव्हे) या धान्यांतलं प्रथिन. औषध नाही, ते आयुष्यभर न खाणं हाच उपचार. आणि हो, खपली गहू पण चालत नाही, तो जुना असेल, पचायला हलका म्हणत असतील, तरी गहूच आहे. हे मी इतक्या मावश्या-काकवांना सांगितलंय की आता पाठ झालंय.

गव्हाचा हा संबंध लागला तो हॉलंडमध्ये, डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांमुळे. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार चालू होती, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश हाल काढत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली, पाव परत आला तशी परत आजारी पडली. आपल्याकडे अजूनही बऱ्याच जणांना वाटतं की हा गोऱ्या लोकांचा आजार. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण 96 माणसांत 1 असं प्रमाण निघालं होतं. दक्षिणेत ते बरंच कमी आहे.

आता आकडे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यांच्यावर उभा आहे. दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं असं मानतात, 50 मिलिग्रॅम रोज गेलं तर आतडं परत बिघडतं. आता एका पोळीत 25 ग्रॅम कणीक धरा, त्यात दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन येतं. म्हणजे 10 मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा दोनशेवा-अडीचशेवा भाग, बोटाला चिकटलेला तुकडा समजा. म्हणून "अगं थोडंसं खाल्लं तर काय होतंय" या वाक्याला आमच्या घरात जागा नाही.

बाहेर खाणं बंद व्हायला कारण घडलं होतं. निदानानंतर काही महिन्यांनी एका मोठ्या चकचकीत ठिकाणी गेलो होतो, मेन्यूत डोशाच्या पुढे हिरवं चिन्ह आणि ग्लुटेन फ्री असं लिहिलेलं, वेटरला विचारलं तर तो म्हणाला येस मॅम, शंभर टक्के. दोन तासांत पोरगी उलट्या करायला लागली, रात्र काढली आम्ही. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तिसऱ्या माणसाने सांगितलं की डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात थोडा रवा घालतात. चिन्ह छापणारा एक, ऑर्डर घेणारा दुसरा, पीठ भिजवणारा तिसरा, आणि तिघांची आपसात गाठ नाही. माझ्या मते मोठ्या ठिकाणी अडचण हेतूची नसते, अंतराची असते.

मग बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. त्यांना हॉल नको, केटरिंग नको, ते नोकरीला लागल्यापासून ज्या पेठेतल्या हॉटेलात जेवायचे तिथेच सगळ्यांना घेऊन जेवायचं होतं. आठ टेबलं, भिंतीवर फळा, आत चिंचोळं स्वयंपाकघर. बहीण म्हणाली आम्ही डबा आणतो तिचा. भाची काही बोलली नाही, पण बाबा बोलले, म्हणाले नात शेजारी बसून डबा खाणार असेल तर मला नको वाढदिवस. बाबा मूळचे सोलापूर भागातले, त्यांच्या लहानपणी घरात ज्वारीची भाकरी, पोळी सणासुदीला. त्यांना पटेचना की मराठी जेवणात हिच्यासाठी काही नसेल, आणि तसं पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं.

आठवडाभर आधी दुपारी चारच्या सुमाराला, भटारखाना निवांत असतो तेव्हा, मी मालकांना जाऊन भेटले. वेळ महत्त्वाची आहे हे परत सांगते, एक वाजता गर्दीत जाऊन हे प्रश्न विचारले तर कुणीही "हो हो चालेल" म्हणेल, त्याला तुम्हाला पटकन टेबल द्यायचं असतं. मी ग्लुटेन वगैरे काढलंच नाही. म्हटलं, काका, माझ्या भाचीला गहू, रवा, मैदा याचा कण पण चालत नाही, आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, मला तुमच्याकडे काय कसं करतात ते बघायचंय. काकांनी आचाऱ्यांनाच बाहेर बोलावलं आणि आम्ही फळ्यावरचा एकेक पदार्थ घेत गेलो.

थालीपीठ पहिल्याच फटक्यात गेलं, भाजणीत गहू होता. कोथिंबीर वडीत बेसन, पण वळायला सोपी जावी म्हणून मूठभर कणीक. मिसळीतल्या फरसाणात मैद्याच्या पापड्या. मग भाकरी. माझी आशा होती ती भाकरी-पिठल्यावर, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तर तिचं पीठ ताणलं जात नाही, लाटायला गेलं की कडा फाटतात, उकळतं पाणी घालून मळून थापावी लागते. बऱ्याच हॉटेलांत भराभर लाटता यावी म्हणून थोडी कणीक मिसळतात, ते मी विचारलं. आचारी जरा दुखावलेच, म्हणाले ताई, आमच्याकडे भाकरी थापतात. ते खरंच होतं, मी नंतर पाहिलं. पण ज्वारी दळायची कुठे तर कोपऱ्यावरच्या गिरणीत, त्याच चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो, आधीचं पीठ जात्यात राहिलेलं असतं ते पुढच्या धान्यात येतं. म्हणजे त्यांनी कितीही प्रामाणिकपणे थापली तरी पिठातच घोळ. वर भाकरीचा तवा आणि पोळीचा तवा शेजारी शेजारी, आणि पोळी लाटताना जी कोरडी कणीक उडते ती सगळ्या ओट्यावर. भाकरी रद्द.

हिंगाबद्दल जरा थांबून लिहायला हवं. सीलिअॅकच्या घरांत हिंगाची धास्ती फार असते आणि ती निराधार नाही. आपण डबीतला जो हिंग वापरतो तो शुद्ध नसतो, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात आणि डिंकात कालवून विकतात, आणि हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. आचाऱ्यांनी डबा आणून दाखवला, घटकांमध्ये गव्हाचं पीठ स्पष्ट छापलेलं, त्यांनी स्वतः ते कधी वाचलं नव्हतं आणि वाचायचं त्यांना कारणही नव्हतं. पण हिशोब करून बघा. दहा जणांच्या आमटीला पाव ग्रॅम हिंग, त्यात अर्धं पीठ धरलं तर ग्लुटेन साधारण 12 मिलिग्रॅम, म्हणजे वाटीला एक-सव्वा मिलिग्रॅम. ते सुद्धा नको, टाळता येतं तर टाळायचंच, तांदळाच्या पिठातला हिंग बाजारात मिळतो. पण लोक हिंगाच्या डबीवर सगळा जीव काढतात आणि पोळी जिथे लाटली त्याच ओट्यावर कापलेली काकडी बिनधास्त खातात, हे मला उलटं वाटतं. मोठा धोका पोळपाटाचा, तव्याचा आणि तळणीच्या तेलाचा. ज्या तेलात सामोसा तळला त्यात बटाटेवडा तळला की झालं, तापवल्याने ग्लुटेन मरत नाही, ते काही जंतू नाहीत.

साधं वरण मात्र हाताशी लागलं. तुरीची डाळ सकाळी कुकरला नुसती शिजवून ठेवतात, हिंग-हळद नंतर घालतात. म्हणजे त्याआधीची डाळ बाजूला काढली तर मीठ आणि तूप घालून भाताबरोबर चालेल. पण आजोबांच्या वाढदिवसाला पोरीला नुसता वरणभात देणं कुणाच्याच मनाला येईना, काकांच्या पण.

आणि मग काकाच म्हणाले, ताई, उपवासाचं का नाही देत तिला, त्याला तर आम्ही गव्हाचा हातच लागू देत नाही.

तिथे सगळं सुटलं. बघा ना, आपल्याकडच्या उपवासात गहू तर नाहीच, हिंग नाही, हळद नाही, मोहरी नाही, फोडणी तुपात आणि जिऱ्याची. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, वरई हे बारीक तृणधान्य, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, दाणे, दही, यातल्या कशातच ग्लुटेन नाही. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे भांडी. उपवासाच्या वड्याची कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा, खिचडीची कढई आणि उलथनं वेगळं, मीठसुद्धा सैंधव आणि त्याचा डबा वेगळा, आणि हे सगळं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. कारण उपवास करणाऱ्या गिऱ्हाइकाला उष्टं-खरकटं तर सोडाच, धान्याचं लागलेलंही चालत नाही, आणि पेठेतलं गिऱ्हाईक हे विचारतं, आचाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. परदेशी हॉटेलांत ज्याला वेगळी तळणी, वेगळं भांडं म्हणून पाटी लावतात ते इथे आधीपासून आहे, श्रद्धेने पाळलं जातंय, म्हणून मला त्या छापील चिन्हापेक्षा ते जास्त भरवशाचं वाटतं. सगळीकडे असं असतं असं समजू नका, काही ठिकाणी साबुदाणा वडा सरळ बटाटेवड्याच्याच तेलात सोडतात, विचारायलाच लागतं. राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ आम्ही तरी वगळलं, कारण परत गिरणीचाच प्रश्न. सबंध दाणा चालेल, दळलेलं नको, असा सोपा नियम केला.

वाढदिवस तारखेने आदल्या दिवशी होता, पण आम्ही संकष्टीला जायचं ठरवलं. त्या दिवशी उपवासाचा पसारा सकाळपासून लागलेला असतो, तेल त्याच दिवशीचं, खिचडी सारखी नवीन होत असते. संध्याकाळी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीत हात चुकतात, म्हणून वेळ घेतली साडेअकराची.

भाचीसाठी ठरलं ते असं: साबुदाण्याची खिचडी, वेगळ्या कढईतले वडे, वरई आणि दाण्याची आमटी, उपवासाची बटाट्याची भाजी, खमंग काकडी, दही, शेवटी पीयूष. काकडी आणि मिरची उपवासाच्या विळीवर चिरायची. तिचं ताट आतूनच भरून यायचं, वाढप्याने बाहेर काही वाढायचं नाही, कारण वाढप्याच्या एका हातात पोळ्या असतात. तिला टेबलाच्या टोकाला बसवायचं, बाबांच्या शेजारी, आणि बाबांनी पण उपवासाचंच घ्यायचं म्हणजे शेजारून तुकडा उडायला नको. बाबा संकष्टी करत नाहीत, त्या दिवशी केली.

जेवण सुरू झालं ते फार छान. पोरीने किती दिवसांनी हॉटेलातलं गरम ताट बघितलं, खिचडी मोकळी, दाण्याच्या कुटाचा वास, वडे कुरकुरीत. बहीण पहिली दहा मिनिटं स्वतः जेवलीच नाही, नुसती तिच्या ताटाकडे बघत होती.

आणि मग ते झालं. एक वयस्कर वाढपी, बाबांना वर्षानुवर्षं ओळखणारे, ते त्या सकाळी उशिरा आले होते, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. फुगलेली गरम पोळी, वर तूप, थेट भाचीच्या ताटात. "घे बाळा, वाढदिवसाला पोळी नको होय?" इतक्या मायेने की कुणाला ओरडायचं सुचेना. आपल्या जेवणात आग्रह असतोच, न विचारता वाढणं हीच माया, आणि या आजारात सगळ्यात अवघड जागा हीच आहे. खाष्ट माणसाला नाही म्हणता येतं, प्रेमाने वाढणाऱ्याला कसं म्हणायचं.

भाचीने हात मागे घेतला आणि स्वतःच म्हणाली, "काका, मला गव्हाचा आजार आहे, पोळी लागली आता, मला दुसरं ताट द्याल का? सगळंच नवीन." शेवटचे दोन शब्द तिच्या आईने तिला कितीतरी वेळा शिकवलेले. ते बिचारे पोळी उचलून घ्यायला लागले, म्हणाले खालचं खराब नाही झालं ग. इथेच बहुतेक घरं भिडेखातर गप्प बसतात. पोळी उचलली तरी तिची कोरडी कणीक, तुकडे, खिचडीत पडलेले असतात, आणि वर सांगितला तो दोनशेवा भाग लक्षात ठेवा. मालक गल्ल्यावरून उठून आले, त्यांनी काही विचारलंच नाही, ताट उचललं, टेबल ओल्या फडक्याने नाही तर नवीन कागदाने पुसून घेतलं, पोरीला हात धुवून ये म्हणाले, आणि आतून नवीन ताट आणलं. ते वाढपी काका फार खजील झाले. बाबांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि नातीचा आजार काय आहे ते स्वतः सांगितलं, आमच्यापैकी कुणीही सांगितलं असतं त्यापेक्षा चांगलं सांगितलं. नंतर पीयूष त्याच काकांनी आणलं, आत जाऊन हात धुवून, आणि लांबून विचारलं, "हे चालतं ना गं?"

बिलात पहिल्या ताटाचे पैसे लावलेले नव्हते, आम्ही आग्रहाने दिले. ते अन्न वाया गेलं ते आमच्या गरजेपायी, त्यांनी का सोसायचं. ज्यांना या हॉटेलांकडून एवढी काळजी हवी आहे त्यांनी हे पैसे देण्यात काचकूच करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री भाचीला काही झालं नाही. पण यावरून सगळं सुरक्षित होतं असं मी म्हणणार नाही, कारण या आजारात पुष्कळदा लक्षणं न दिसताही आतडं बिघडत असतं, खरं कळतं ते टीटीजीच्या पुढच्या तपासणीत, आणि ती पण एका जेवणाचा हिशोब देत नाही, काही महिन्यांचा देते. पुढची तपासणी झाली, आकडा आधीपेक्षा खालीच आला होता. डॉक्टरांना आम्ही हे जेवण सांगितलं होतं. ते म्हणाले नेहमीची सवय करू नका, पण कधीतरी अशी चौकशी करून जायला हरकत नाही, मुलीला चारचौघांत बसून जेवता येणं पण गरजेचं आहे.

नियोजनात जी फट राहिली ती स्पष्ट आहे, मालक आणि आचारी यांना सांगितलं होतं पण वाढणाऱ्या प्रत्येकाला नाही. म्हणून नंतर बहिणीने एक कार्ड केलं, मोठ्या अक्षरात, ते भाचीच्या ताटाशेजारी उभं ठेवता येतं. त्यावर लिहिलंय: "मला सीलिअॅक हा आजार आहे. गहू, रवा, मैदा, कणीक, शेवया, जव यांचा कणही चालत नाही. पोळी ताटाला लागली तर कृपया पूर्ण ताट बदला. उपवासाच्या वेगळ्या कढईतलं, वेगळ्या भांड्यातलं चालतं. भात, दूध, दही, तूप, फळं चालतात. न विचारता काही वाढू नका, मी मागून घेईन." ज्यांना हवं त्यांनी हे जसंच्या तसं उतरवून घ्या. एक प्रत त्या हॉटेलात गल्ल्यामागे लावलेली आहे, काकांनी मागून घेतली.

भाकरीचं अजून सुटलेलं नाही. बाबांना नातीबरोबर भाकरी-पिठलंच खायचंय. काका म्हणालेत, ज्वारी तुम्ही घरच्या घरघंटीवर दळून आणा, तवा आणि परात तुमची आणा, सकाळी नऊला पोळ्यांचं काम सुरू व्हायच्या आत आमचे आचारी थापून देतील, पिठल्याला हिंग नको. बहिणीची घरघंटी आहे, त्यात गहू कधी दळलेला नाही. बेसन पण घरचंच दळायचं ठरलंय, आता फक्त बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग दिवस ठरवू.